जुन्या बुलेटचे मागचे शॉकॲब्सॉर्बर निवडताना : 'मूळचे' म्हणजे नेमके कोणते?

१/
फेब्रुवारी १९४८. इंग्लंडमधील कोलमोर कप ट्रायल ही चिखल, दगड आणि चढ यांची स्पर्धा. रॉयल एन्फिल्डने तीत नव्या धाटणीच्या बुलेट उतरवल्या. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना स्प्रिंग आणि तेल असलेली एकेक उभी नळी होती. जाणकारांनी नाके मुरडली. मागचे चाक चासीला घट्ट जखडलेले असेल तरच चिखलात पकड मिळते, असा तेव्हाच्या स्पर्धकांचा पक्का समज होता. आज जुनी बुलेट दुरुस्तीला काढणारा तरुण गॅरेजमध्ये 'मागचे शॉकअप कोणते टाकू?' असे विचारतो, तेव्हा तो नकळत त्याच जुन्या वादात पाऊल टाकत असतो.

२/
दुकानात या प्रश्नाला साधारण तीन उत्तरे मिळतात. पहिले : कंपनीचे मूळचेच घ्या. दुसरे : स्वस्तातली 'बसणारी' जोडी घ्या. तिसरे : बाजूला डबी असलेले गॅसचे घ्या, गाडी भारी दिसते. तिन्ही उत्तरे वस्तूविषयी बोलतात. ती वस्तू कोणत्या अडचणीवरचा उपाय म्हणून जन्माला आली, हे एकही सांगत नाही. ते कळल्याशिवाय 'मूळचे' या शब्दाचा अर्थही ठरत नाही आणि योग्य जोडीही निवडता येत नाही. म्हणून आधी इतिहास आणि मग खरेदी, असा या धाग्याचा क्रम आहे.

३/
पहिल्या मोटारसायकली म्हणजे इंजिन बसवलेल्या सायकली. मागचे चाक थेट सांगाड्यात. रस्त्याचा धक्का सोसायला टायरमधली हवा आणि सीटखालच्या स्प्रिंगा एवढेच. अमेरिकेच्या स्प्रिंगफिल्ड शहरातील 'इंडियन' कंपनीने १९१३ मध्ये मागच्या चाकाला पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग, देऊन पाहिले. वाट योग्य होती, पण तेव्हा ती रुळली नाही. पुढची कित्येक वर्षे बहुसंख्य गाड्यांची मागची बाजू ताठच राहिली.

४/
हा विरोध निव्वळ हट्टाचा नव्हता. चाक वरखाली हलू द्यायचे तर त्याला धरणारा सांधा हवा. सांधा सैल पडला की चाक वरखाली होण्याबरोबर आडवेही हलते, आणि वळणावर गाडी शेपूट हलवू लागते. केंब्रिजमध्ये शिकणाऱ्या फिलिप व्हिन्सेंटने १९२८ मध्ये एचआरडी हे नाव विकत घेतले आणि सीटखाली आडव्या स्प्रिंगा असलेला त्रिकोणी मागचा सांगाडा बाजारात आणला. ग्राहकांची धास्ती इतकी की या रचनेचे बाह्य रूप नेहमीच्या ताठ सांगाड्यासारखेच ठेवलेले होते. जुन्या रूपाच्या आत नवे काम : ही युक्ती पुढे पुन्हा उपयोगी पडणार आहे.

५/
आता स्प्रिंगकडे. रॉबर्ट हूकने १६७६ मध्ये स्थितिस्थापकतेचा नियम अक्षरांच्या कोड्यात लपवून छापला आणि १६७८ मध्ये तो उलगडून सांगितला. इकडे रायगडावरील राज्याभिषेकाला तेव्हा चार वर्षे झाली होती. नियम साधा : जेवढा भार, तेवढा ताण. दुप्पट वजन ठेवले की स्प्रिंग दुप्पट दबते. या नियमात एक गोष्ट गृहीत आहे. स्प्रिंग काहीही स्वतःकडे ठेवून घेत नाही. खड्ड्यात घेतलेली ऊर्जा ती पुढच्याच क्षणी स्वाराला परत करते. धक्का विरत नाही, लांबणीवर पडतो.

६/
स्प्रिंगचा कडकपणा कशावर ठरतो? तारेची जाडी, वेटोळ्याचा व्यास आणि वेटोळ्यांची संख्या यांवर. यांत जाडीचा प्रभाव सर्वांत मोठा, कारण कडकपणा जाडीच्या चौथ्या घातानुसार वाढतो. बाकी सर्व तेच ठेवून ७ मिलीमीटरच्या जागी ८ मिलीमीटरची तार घेतली, तर स्प्रिंग सुमारे ७० टक्के कडक होते. डोळ्यांना फरक एका मिलीमीटरचा, पाठीच्या मणक्यांना मात्र दुसऱ्याच गाडीचा. 'दिसायला सारखीच आहे' या वाक्यावर स्प्रिंग विकत घेऊ नये, ते याचसाठी.

७/
परत येणारी ऊर्जा जिरवायची कशी? भौतिकशास्त्रात याला अवमंदन म्हणतात. विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये ज्यूल त्र्युफोने घर्षणावर चालणारा उपाय दिला : चकत्या एकमेकींवर दाबून ठेवायच्या आणि त्यांच्या घासण्यातून हालचाल मंद करायची. अमेरिकेत एडवर्ड हार्टफर्डने तो बाजारात रुजवला. मोटारसायकलींच्या पुढच्या गर्डर फोर्कलाही अशा चकत्या असत. हाताने मूठ फिरवून त्या आवळायच्या. दोष एकच, पण मोठा. घर्षणाचा अडथळा हालचाल सुरू होतानाच जास्त असतो. बारीक खडीवर चाक अडते, आणि मोठा खड्डा आला की तोच अडथळा अपुरा पडतो.

८/
तेलाचे वागणे याच्या उलट. बारीक छिद्रांतून ते हळू ढकलले तर वाट देते, जोराने ढकलले तर अडते. खड्डा जितका अवचित, तितका विरोध मोठा. शिवाय जिरलेल्या ऊर्जेची उष्णता होऊन ती नळीच्या पत्र्यावाटे हवेत जाते. विमानांची उतरण्याची चाके बनवणाऱ्या डाउटी कंपनीचे हवा-तेलाचे तंत्र वेलोसेटने शर्यतीच्या गाड्यांवर आणले. १९३९ च्या केटीटी मार्क ८ या मॉडेलवर ते दिसते. जमिनीवर आदळणाऱ्या विमानासाठी शोधलेला उपाय मोटारसायकलच्या मागच्या चाकापर्यंत पोहोचला होता.

९/
याच काळात दुसरी एक शाखा फुटली : प्लंजर. यात चाकाला वळणारा सांधाच नाही. धुरा दोन्ही बाजूंच्या उभ्या नळ्यांत वरखाली सरकतो. बीएमडब्ल्यूने १९३८ मध्ये ही रचना घेतली. दिसायला नेटकी, बनवायला तुलनेने सोपी. पण चाकाला हलायला जागा थोडी, आणि नळ्या असमान झिजल्या की चाक कलते. म्हणून जुन्या गाडीचे शॉक शोधण्याआधी पहिला प्रश्न असा : गाडी कोणत्या शाखेची? प्लंजर असलेल्या गाडीला बाजारातली शॉकची जोडी लागत नाही. तिथे आतल्या स्प्रिंगा आणि बुश बदलावे लागतात.

१०/
प्लंजरच्या शाखेत एक विलक्षण नाव आहे. जर्मनांच्या ताब्यातील प्रागमध्ये 'पेराक' या माणसाची दंतकथा पसरली होती : पायांना स्प्रिंगा बांधून रात्री भिंती ओलांडणारा, शत्रूच्या हाती न लागणारा. चेक भाषेत 'पेरो' म्हणजे स्प्रिंग. युद्धकाळात जावाचे अभियंते गुपचूप एक २५० सीसी गाडी घडवत होते. १९४६ मध्ये ती बाहेर आली, आणि मागच्या स्प्रिंगांमुळे लोकांनी तिला 'पेराक' म्हटले. त्याच वर्षी यिरी त्रन्काने पेराकवर बोलपटही केला, रेखाटलेल्या चित्रांचा. सस्पेन्शनच्या नावाने ओळखली जाणारी आणि पारतंत्र्याची आठवण वाहणारी अशी दुसरी मोटारसायकल विरळाच.

११/
१९५४ पासून जावाने प्लंजर सोडून स्विंगआर्म घेतला. आपल्या गॅरेजमध्ये त्याला 'चिमटा' म्हणतात : एका टोकाला चासीत वळणारा, दुसऱ्या टोकाला चाक धरणारा. चेक लोकांनी या गाडीलाही तिच्या झुलत्या चिमट्यावरूनच 'कीवाच्का' हे नाव दिले. तिचीच एक आवृत्ती १९६१ पासून म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात होऊ लागली. कारखान्यामागे रुस्तम इराणी आणि फरोख इराणी होते. पुढे तिथूनच येझदी आली. १९९६ मध्ये तो कारखाना बंद पडला. त्याच्या गाड्या अजून रस्त्यावर आहेत आणि त्यांचे मालक अजून शॉक शोधत आहेत.

१२/
आता पुन्हा १९४८ च्या बुलेटकडे. नाके मुरडणाऱ्यांना उत्तर त्याच वर्षी मिळाले. इटलीतील सान रेमो येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय सहा दिवसांच्या स्पर्धेत ब्रिटिश संघातील चार्ली रॉजर्स आणि व्हिक ब्रिटन यांनी नव्या बुलेटवर सुवर्णपदके मिळवली. पुढे व्हिकचा मुलगा जॉनी ब्रिटन याने १९५२ मध्ये स्कॉटलंडची सहा दिवसांची ट्रायल रॉयल एन्फिल्डवर जिंकली. ताठ चाक दगडावरून उडते, आणि उडालेल्या चाकाला पकड नसते. चाक जमिनीला टेकलेले राहणे हेच खरे काम. स्वाराचा आराम ही त्यासोबत मिळणारी गोष्ट. शॉक निवडताना हे वाक्य विसरता येणार नाही.

१३/
१९४९ मध्ये स्विंगआर्मची बुलेट विक्रीस आली. १९५० मध्ये बेलफास्टच्या मॅककँडलेस बंधूंनी नॉर्टनसाठी घडवलेला 'फेदरबेड' सांगाडा शर्यतींत उतरला आणि जेफ ड्यूकने त्यावर आयल ऑफ मॅनची सीनियर टीटी जिंकली. त्यानंतर वाद संपला. चिमटा आणि दोन बाजूंना दोन तेलाचे शॉक ही रचना जगभरच्या मोटारसायकलींची नित्याची झाली. १९७३ मध्ये यामाहाने बेल्जियमच्या लुसियाँ तिल्कन्सच्या कल्पनेवरून एकच मोठा शॉक लावून २५० सीसी मोटोक्रॉसचे विश्वविजेतेपद मिळवले, तोवर दोन शॉकचेच राज्य होते.

१४/
बुलेटच्या बाबतीत मात्र काळ वेगळ्या गतीने चालला. १९५५ मध्ये मद्रास मोटर्सच्या भागीदारीत एन्फिल्ड इंडिया स्थापन झाली. आधी सुटे भाग इंग्लंडहून येत, मग हळूहळू सर्व इथेच होऊ लागले. इंग्लंडमधील रेडिचचा कारखाना १९६७ मध्ये बंद झाला. मद्रासमधली बुलेट चालू राहिली, आणि १९७७ मध्ये ती उलट इंग्लंडला निर्यात होऊ लागली. १९५० च्या दशकातील आराखडा, पण त्यात बसणारे भाग दशकानुदशके नव्याने, इथल्या पुरवठादारांकडून घडत गेलेले. शॉकॲब्सॉर्बर बनवणारी गॅब्रिएल इंडिया ही कंपनी १९६१ मध्ये मुंबईत अमेरिकी सहकार्याने उभी राहिली, ती याच देशीकरणाच्या काळात.

१५/
मग १९७८ च्या बुलेटचे 'मूळचे' शॉक कोणते? रेडिचच्या आराखड्यातले? कारखान्यातून निघताना लावलेले? की गेली वीस वर्षे तिच्यावर असलेले, ज्यांच्या लांबीनुसार साइड स्टँडही कुणी वाकवून घेतला आहे? इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न ओळखीचा वाटेल. पोथीच्या पाठभेदांतही हेच असते : सर्वांत जुनी प्रत म्हणजे मूळ संहिता असतेच असे नाही. शॉक तर झिजण्यासाठीच घडवलेला भाग. त्याचे 'मूळपण' त्याच्या पत्र्यात कमी आणि त्याने सांभाळलेल्या मापांत जास्त असते. ती मापे चार : लांबी, स्प्रिंग, तेलाचा विरोध आणि बसण्याची जागा.

१६/
त्याआधी निदान. जुने शॉक खरोखरच गेले आहेत का? सीटचा मागचा भाग जोराने दाबून सोडावा. गाडी वर येऊन स्थिरावली तर तेल अजून काम करते आहे. दोन-तीनदा डोलली तर उरली आहे ती केवळ स्प्रिंग. दांड्यावर तेलाचा ओघळ, म्हणजे ऑइल सील गेले. दांडा वाकलेला किंवा गंजाने खरवडलेला असेल तर नवे सीलही टिकणार नाही. आणि मागची बाजू हलते म्हणून शॉकला दोष देण्याआधी चिमट्याचे बुश तपासावेत. चाक दोन्ही हातांनी धरून आडवे हलवले असता खडखडले, तर नवी जोडी लावूनही वळणावरचे शेपूट हलणे थांबणार नाही. व्हिन्सेंटच्या ग्राहकांची भीती तीच होती.

१७/
पहिले माप : लांबी. वरच्या बोल्टच्या केंद्रापासून खालच्या बोल्टच्या केंद्रापर्यंत, शॉक पूर्ण उघडा असताना. हे माप चुकले की गाडीचा स्वभाव बदलतो. बुलेटच्या दोन चाकांतले अंतर सुमारे १३७० मिलीमीटर. मागची बाजू २५ मिलीमीटर उचलली तर सारी गाडी साधारण एका अंशाने पुढे झुकते, आणि पुढच्या फोर्कचा कलही तेवढाच कमी होतो. हँडल हलके, पण वेगात चंचल. सेंटर स्टँडवर मागचे चाक जमिनीला टेकू लागते. चेन चिमट्याला घासू शकते. आखूड शॉक घेतले तर उलट : हँडल जड, आणि वळणावर स्टँड किंवा सायलेन्सर रस्त्याला टेकण्याची भीती. जुने शॉक पिचलेले असल्यामुळे माप शॉक काढून, दांडा पूर्ण बाहेर ओढून घ्यावे. दाबलेल्या अवस्थेतली लांबीही पाहावी, नाहीतर मोठ्या खड्ड्यात टायर मडगार्डला भिडतो.

१८/
दुसरे माप : स्प्रिंग. इथे इंग्लंड आणि महाराष्ट्र यांचा रस्ता वेगळा होतो. १९४८ च्या स्पर्धेतल्या बुलेटवर एकटा स्वार होता. इथल्या बुलेटवर सकाळी दुधाच्या किटल्या, दुपारी एकटा मालक आणि संध्याकाळी डबलसीट. हिशेब ढोबळ मानाने असा : प्रत्येक स्प्रिंग एक मिलीमीटर दबायला १८ न्यूटन घेत असेल, तर दोन्ही मिळून ३६. मागे बसलेल्या ६५ किलोच्या माणसाचा भार सुमारे ६४० न्यूटन, आणि तो जवळजवळ सगळा मागच्या चाकावर. म्हणजे गाडी आणखी १८ मिलीमीटर खाली बसते. चाकाचा एकूण प्रवास ८० मिलीमीटर धरला तर त्याचा जवळपास चौथा हिस्सा माणूस बसताक्षणीच संपला.

१९/
हे तपासण्याची रीत सोपी आहे. गाडी सेंटर स्टँडवर, मागचे चाक लोंबते : धुऱ्यापासून मडगार्डवरच्या एका खुणेपर्यंत अंतर मोजावे. मग स्वार बसल्यावर तेच अंतर पुन्हा मोजावे. फरक एकूण प्रवासाच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याइतका यावा. ८० मिलीमीटरच्या प्रवासात साधारण २० ते २७. फरक फारच कमी असेल तर स्प्रिंग कडक आहे. चाक खळग्यात उतरणार नाही, वरून उडून जाईल. फारच जास्त असेल तर मऊ. प्रत्येक गतिरोधकावर शॉक तळाला आदळेल.

२०/
इथे एक गैरसमज दूर व्हायला हवा. शॉकच्या बुडाशी असलेली टप्प्यांची कडी फिरवली की स्प्रिंग 'कडक होते' असे सर्रास म्हटले जाते. नेहमीच्या एकसारख्या वेटोळ्यांच्या स्प्रिंगच्या बाबतीत ते खरे नाही. कडी स्प्रिंगला आधीच थोडी दाबून ठेवते, त्यामुळे गाडी वर उचलली जाते. पुढच्या प्रत्येक मिलीमीटरला लागणारा भार तोच राहतो. हूकचा नियम कडीने बदलत नाही. डबलसीट असताना कडी वरच्या टप्प्यावर न्यावी, एकट्याने जाताना खाली आणावी. तिचे काम एवढेच, आणि ते महत्त्वाचे. वरच्या टप्प्यावरही गाडी तळाला आदळत असेल तर मात्र स्प्रिंगच बदलली पाहिजे. स्प्रिंगचे एखादे वेटोळे कापणे हा उपाय नव्हे : उंची कमी होते, उरलेली स्प्रिंग अधिक कडक होते आणि कापलेले टोक नीट टेकत नाही.

२१/
तिसरे माप : तेलाचा विरोध. शॉक दबताना आणि उघडताना तो वेगळा असतो. उघडताना अधिक, कारण दबलेली स्प्रिंग तेव्हा ऊर्जा परत करत असते. म्हणून जाड स्प्रिंग आणि जुन्या मापाचे तेल ही जोडी फसवी ठरते. स्प्रिंग बलवान, लगाम कमजोर. गाडी उसळू लागते. उलट लगाम फार घट्ट असेल तर एका खड्ड्यातून शॉक पुरता उघडण्याआधीच दुसरा खड्डा येतो, आणि चाक हळूहळू वरच अडकून राहते. दुकानदाराला विचारायचा प्रश्न 'कडक आहे का?' हा नाही. 'ही स्प्रिंग आणि हा शॉक किती वजनासाठी जुळवला आहे?' हा आहे. आणि बदलायचे ते दोन्ही, एकदमच. एक नवा व एक जुना ठेवला तर चिमट्याला पीळ बसतो.

२२/
आता डबीवाले गॅसचे शॉक. यातही इतिहास आहे. साध्या दुहेरी नळीच्या शॉकमध्ये तेलाच्या वर हवा असते. खराब रस्त्यावर सतत घुसळले की फेस होतो, आणि फेस छिद्रांतून सहज निसटतो. फ्रेंच अभियंता क्रिस्तियाँ द कार्बों याने दाबाखालचा वायू आणि तेल यांच्यात तरंगता पिस्टन घालून फेस होऊ न देणारी रचना दिली. बिलश्टाइनच्या हातून ती १९५७ मध्ये मर्सिडीजच्या मोटारींवर आली. बाहेरची डबी ही याच कल्पनेची पुढची पायरी : वायूसाठी वेगळी जागा आणि जास्त तेल. खऱ्या डबीचा लांबच्या, खडबडीत प्रवासात उपयोग होतो. पण काही स्वस्त जोड्यांवरची डबी निव्वळ शोभेची असते. तिच्यात ना वायू, ना तेलाची वाट. शिवाय गॅसचा शॉक घरी उघडू नये, आणि कोणत्याही शॉकची दाबलेली स्प्रिंग योग्य साधनाशिवाय सोडू नये.

२३/
चौथे माप : बसण्याची जागा. डोळ्याच्या बुशचा आतला व्यास आणि रुंदी, खालच्या टोकाला साधा डोळा आहे की दुफाटा, स्प्रिंगचा बाहेरचा व्यास चेनकव्हरला घासतो का, सायलेन्सरला जागा उरते का. बुशमध्ये तार गुंडाळून किंवा वॉशरांची चळत लावून 'बसवलेला' शॉक तिरपा ओढला जातो आणि सील लवकर खातो. चांगल्या जोडीची एक खूण अशी की ती उघडून सील व तेल बदलता येते. जुन्या गाडीसाठी ही गोष्ट चकाकीपेक्षा मोलाची, कारण पुढच्या दहा वर्षांत हे मॉडेल दुकानात असेलच असे नाही.

२४/
राहता राहिला मूळचेपणाचा प्रश्न. वास्तूंच्या जतनाविषयी १९६४ मध्ये व्हेनिसची सनद झाली. हरवलेल्या भागाच्या जागी घातलेला भाग एकूण रूपाशी सुसंगत असावा, पण मूळ भागापासून वेगळा ओळखताही यावा, असे ती सांगते. ऐतिहासिक वाहनांसाठी 'फिवा' या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्ये ट्युरिनची सनद स्वीकारली. तिचा सूर तोच : वापरासाठी बदल करावे लागले तर ते संयत असावेत, पूर्ववत करता येण्याजोगे असावेत, आणि काढलेले महत्त्वाचे मूळ भाग गाडीसोबत जपावेत. शॉकॲब्सॉर्बर या कसोटीला उत्तम उतरतो. चार बोल्टांनी तो लागतो आणि चार बोल्टांनी निघतो. चासीला वेल्डिंग करून वरची जागा सरकवली, तर मात्र परतीची वाट बंद होते.

२५/
त्यामुळे गाडीच्या वापराप्रमाणे निर्णय बदलतो. प्रदर्शनात उभी राहणारी, वर्षातून चार वेळा चालणारी गाडी असेल तर जुने शॉक नवे सील व तेल घालून परत लावणे सर्वांत प्रामाणिक. रोज चालणारी, डबलसीट नेणारी गाडी असेल तर मूळ लांबीची, झाकलेल्या जुन्या रूपाची, पण आपल्या वजनाला जुळणाऱ्या स्प्रिंगची आणि उघडता येणारी जोडी घ्यावी. व्हिन्सेंटने १९२८ मध्ये हेच केले होते : रूप ओळखीचे, आतले काम काळाच्या गरजेचे. गाडी ताठ करून, उचलून, डबी लावून शर्यतीची केल्याचा आव आणण्यात मात्र ना इतिहास उरतो ना पकड.

२६/
आणि काढलेली जुनी जोडी भंगारात देऊ नये. पुसून, कापडात गुंडाळून, खोक्यावर चिठ्ठी लावावी : गाडीचे वर्ष, शॉक काढल्याची तारीख, दोन केंद्रांतली लांबी, तारेची जाडी, वेटोळ्यांची संख्या, बुशचे माप, खाली नव्या जोडीचीही हीच मापे. जुन्या मोटारसायकलींच्या सुट्या भागांची मापे लिहून ठेवण्याची सवय आपल्याकडे फारशी नाही. ती बरीचशी मिस्त्रींच्या हातांत आणि आठवणीत राहिली, आणि त्यांच्यासोबत जात आहेत. तीस वर्षांनी कुणी ही गाडी पुन्हा उघडेल, तेव्हा त्या खोक्यावरच्या सहा ओळी त्याच्यासाठी अस्सल कागदपत्र ठरतील.